पैसे पडले का?

मोबाईलवरून पैसे पाठवणं एवढं का वाढलं असं कुणालाही विचारा, उत्तरं ठरलेली असतात. कुणी म्हणतं नोटाबंदी झाली म्हणून, कुणी म्हणतं जिओ आलं आणि नेट स्वस्त झालं म्हणून, कुणी जनधन आणि आधारचं नाव घेतं, आणि पुण्यातले मित्र म्हणतात अरे ॲप किती सोपं आहे. यातलं एकही खोटं नाही. पण मी बीड जिल्ह्यातला, केज तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे, आणि ही उत्तरं ऐकली की मला दरवेळी वाटतं, रस्ता कसा झाला ते सगळेच सांगायलेत, त्या रस्त्यानं जायची निकड कुणाला होती हे कुणी बोलतच नाही.

निकड त्याला, ज्याचं घर एकीकडं आणि पोट दुसरीकडं. मराठवाड्यात असं नसलेलं घर शोधावं लागतं.

दसरा-दिवाळी झाली की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, ट्रॅक्टरवर संसार बांधून, कोल्हापूर, सांगली, सातारा नाहीतर थेट कर्नाटकात, ते उन्हाळा लागल्यावरच परत. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. ज्यांच्या घरात कोयता नाही त्यांची पोरं चाकणला नाहीतर वाळूजला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर, कुणी मुंबईत वॉचमन, कुणी पुण्यात डिलिव्हरी करतंय. आणि उलट्या दिशेनंही पैसा जातो बरं का, तो कुणी हिशोबातच धरत नाही. पोरगं पुण्यात एमपीएससी करतंय, पोरगी लातूरला नीटच्या क्लासला आहे, त्यांची मेस, रूमभाडं, टेस्ट सिरीज. बाप मोंढ्यात सोयाबीन घालतो, आडत्याकडून पट्टी घेतो आणि बाहेर येऊन आधी पोरांना टाकतो, मग उधाऱ्या बघतो. एकाच घरातून थोरला पाठवतोय आणि धाकट्याला पाठवायलेत, आणि मधे आई फोन हातात धरून दोघांनाही एकच विचारते, पैसे पडले का रे.

हे काही आजचं नाही. आमचे आजोबा १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या आधी सोलापूरच्या गिरणीत कामाला होते. सोलापूर इंग्रजांचं आणि आमचं गाव निजामाचं. तिकडं पगार कलदार रुपयात आणि इकडं बाजार हाली सिक्क्यात. सहा कलदारला साधारण सात हाली असा हिशोब, पण बदलून देणारा व्यापारी त्यात आपलं काढून घ्यायचाच, आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका असायचा तो वेगळाच, तिथं सामान उघडून दाखवा, काय आणलं ते सांगा. आजोबा म्हणायचे, कमवायला लागली नाही तेवढी अक्कल मला पैसा घरी न्यायला लागली. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं तरी हाली लगेच गेला नाही, तो अधिकृतपणे बाद झाला १९५९ मध्ये. म्हणजे स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं या भागातल्या माणसाच्या खिशात दोन तऱ्हेचे रुपये फिरत होते. घरापासून लांब कमवायचं आणि मग तो पैसा घरापर्यंत पोचवायची काळजी करायची, ही आमची पिढ्यानपिढ्यांची गोष्ट आहे, मोबाईल त्यात अगदी अलीकडं आला.

बँक नव्हती असं नाही. निजामाच्या काळात १९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँक निघाली, पुढं तीच स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, आमच्याकडं तिला नुसतं हैदराबाद बँक म्हणायचे, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये ती स्टेट बँकेत विलीन झाली तेव्हा कितीतरी जुन्या खातेदारांना आपल्या घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. पण बँक होती ती मास्तर, ग्रामसेवक, व्यापारी, बागायतदार यांच्यासाठी. टोळीवर जाणाऱ्याचं तिथं काय काम? खातं काढायचं तर ओळख देणारा पाहिजे, फोटो पाहिजे, आणि बँक उघडी असते त्या वेळात हा माणूस उसाच्या फडात. मग उरायची मनिऑर्डर. पोस्टाची मनिऑर्डर १८८० पासून, आणि तिचा दर वीस रुपयाला एक रुपया, म्हणजे हजार पाठवायचे तर पन्नास रुपये तिथंच गेले, वर आठ-दहा दिवस वाट बघा. माझे चुलते मुंबईला होते, त्यांच्या मनिऑर्डरीच्या फॉर्मवर खाली दोन ओळी मजकूर लिहायची जागा असायची, त्यात ते "बैलाला पेंड घ्या, आईचं औषध चुकवू नका" एवढंच लिहायचे, आणि पोस्टमन ते पैसे मोजून देऊन झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवायचा. साध्या मनिऑर्डरी २०१५ मध्ये बंद झाल्या तेव्हा कुणाला फारसं कळलंही नाही, कारण खरं सांगायचं तर आमच्या भागातला बहुतेक पैसा कधी पोस्टानं आलाच नाही. तो यायचा माणसाच्या हातानं. गावाकडं निघालेल्या कुणाच्या तरी खिशात, ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं दिलेल्या पाकिटात, टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या भावाकडं. कधी पोचायचा, कधी उशिरा पोचायचा, कधी थोडा कमी होऊन पोचायचा, आणि विचारायची सोय नसायची कारण उद्या परत त्याच माणसाच्या हातानं पाठवायचं असायचं.

आता गंमत बघा, हे वर्णन जसंच्या तसं केनियाला लागू पडतं. तिथंही कमावता माणूस नैरोबीत आणि घरदार लांब खेड्यात, आणि पैसे जायचे बसच्या ड्रायव्हरकडून, नाहीतर ओळखीच्या माणसाकडून. जगात मोबाईलच्या पैशांची गोष्ट निघाली की सगळे केनियाच्या एम-पेसाचं नाव घेतात, पण ते सुरू कसं झालं हे फार कमी लोक सांगतात आणि मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. व्होडाफोनचे निक ह्यूज आणि सुझी लोनी यांनी ब्रिटिश सरकारच्या मदतीतून एक प्रयोग आखला, तो होता बचत गटासारख्या छोट्या कर्जाचे हप्ते मोबाईलवरून फेडायचा. २००५ मध्ये चाचणी झाली. कर्ज फेडायला म्हणून दिलेल्या त्या सोयीतून लोक भलतंच करायला लागले, एकमेकांना पैसे पाठवायला लागले, घरी पाठवायला लागले. कंपनीनं ते बघितलं आणि कर्जाचा विचार बाजूला ठेवला. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या तिथल्या मोबाईल कंपनीनं सेवा बाजारात आणली तेव्हा जाहिरातीत एवढंच होतं, पैसे घरी पाठवा.

म्हणजे मागणी कंपनीनं तयार केली नाही. ती आधीच होती, घर सोडून गेलेल्या माणसाच्या पोटात होती. कंपनीचा शहाणपणा एवढाच की तिनं ती ओळखली.

पुढं वर्षाच्या आतच, डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर तिथं दंगली उसळल्या, रस्ते बंद झाले, नैरोबीच्या वस्त्यांमध्ये माणसं अडकून पडली, आणि अडकलेल्या नातेवाइकांना पैसे पोचवायला मोबाईल हाच एक मार्ग उरला. ज्यांनी आधी वापरलं नव्हतं त्यांनीही तेव्हा वापरलं. मला हे वाचताना एप्रिल २०२० आठवतो. लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्या टोळ्या अजून पश्चिम महाराष्ट्रातच होत्या, कारखान्यांच्या आसपास हजारो माणसं अडकलेली, पाचटाच्या खोपीत, जनावरांसकट, आणि इकडं गावात म्हाताऱ्यांकडं दळण आणायला पैसे नव्हते. आमच्या शाळेतल्या लेकरांचे आईबाप फोन करायचे की सर, तुमच्या नंबरवर पाचशे टाकतो, आमच्या माईला नेऊन देता का. मी आणि माझ्यासोबतचे शिक्षक ते काम करत होतो, तेव्हा गावात बऱ्याच जणांना पहिल्यांदा पटलं की हे खरंच पोचतं. त्या महिन्यात देशभराचा यूपीआयचा, म्हणजे मोबाईलवरून थेट खात्यातून खात्यात जाणाऱ्या पैशांचा, आकडा खाली आला होता, दुकानंच बंद होती ना, पण दोन महिन्यात तो आधीच्याही वर गेला आणि नंतर कधी मागं वळला नाही.

आपल्याकडं केनियाचंच एम-पेसा व्होडाफोननं २०१३ मध्ये आणलं होतं हे आता फार जणांच्या लक्षात नाही. २०१९ मध्ये ते बंद पडलं. तेच नाव, तीच कल्पना, आणि घर सोडून जाणारी माणसं तर केनियापेक्षा कितीतरी जास्त, तरी चाललं नाही. माझ्या मते कारण असं की केनियात तिथल्या रिझर्व्ह बँकेनं मोबाईल कंपनीला हे काम करू दिलं, कंपनीच्या सिमवरच पैसा राहायचा, आणि कोपऱ्यावरचा रिचार्जवाला तोच पैसे घेणारा आणि देणारा. आपल्याकडं रिझर्व्ह बँकेनं ठरवलं की हे काम बँकेच्या खात्यातूनच व्हायला पाहिजे. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही, बुडालेल्या पतसंस्था बघितलेल्या माणसाला नियमांची किंमत कळते. पण त्यामुळं मोबाईलमधला पैसा आणि बँकेतला पैसा असे दोन वेगळे डबे झाले, एकातून दुसऱ्यात टाकायचं तर कागदपत्रं आणि चार्ज, आणि दुकानदाराला त्यात सुटायचं फार थोडं.

मग सगळं उलट बाजूनं आलं. ऑगस्ट २०१४ पासून जनधनची खाती निघाली, आमच्या गावात शाळेच्या व्हरांड्यातच टेबल टाकून फॉर्म भरले होते. आधार तर आपल्याच महाराष्ट्रातून सुरू झालं, नंदुरबारच्या टेंभली गावात सप्टेंबर २०१० मध्ये. आयएमपीएस, म्हणजे एका बँकेतून दुसरीत लगेच पैसे पाठवायची सोय, २०१० च्या शेवटी आली, तिनं रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशी पैसे जायला लागले. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय, सप्टेंबरमध्ये जिओ, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी, डिसेंबरच्या शेवटी भीम ॲप. एका वर्षात एवढं सगळं, म्हणून लोकांना वाटतं की याच्यामुळं त्याच्यामुळं.

नोटाबंदीचं मात्र मला थोडं सांगायचंय, कारण ते श्रेय तिला सरसकट देतात. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजारच्या नोटा गेल्या, म्हणजे चलनातली किंमतीनं ८६ टक्के रोकड. टोळ्या नुकत्याच फडावर पोचलेल्या. जिल्हा बँकांना काही दिवसांतच जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली, आणि आमच्याकडं शेतकऱ्याची बँक म्हणजे जिल्हा बँक. लोकांचे हाल झाले, पण हाल झाले म्हणून ते यूपीआयकडं वळले असं आकडे सांगत नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये देशभरात यूपीआयचे व्यवहार होते २० लाखांच्या आसपास. महिन्याला १०० कोटी व्यवहारांचा आकडा गाठायला ऑक्टोबर २०१९ उजाडलं. ऑगस्ट २०२३ मध्ये तो हजार कोटी झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार कोटी. नोटा परत हातात आल्यावर, कुणाची जबरदस्ती नसताना ही वाढ झालीय. घाबरलेला माणूस भीती गेली की जुन्या सवयीवर जातो. हा गेला नाही, कारण त्याला यातून काहीतरी खरं मिळत होतं.

आणि मिळत काय होतं तर तासाभरात नव्हे, मिनिटात पोचलेला पैसा आणि एक रुपयाही न कापता. हे फुकट असणं फार मोठं आहे हो. शहरात कंपन्यांच्या आसपास मनी ट्रान्सफरच्या टपऱ्या असायच्या, हजाराला दहा रुपये घ्यायच्या, ते मनिऑर्डरीपेक्षा स्वस्तच होतं, पण दहा रुपये द्यायचे म्हटलं की माणूस साठवून साठवून महिन्यातून एकदा पाठवतो. फुकट झालं की तो दोनशे पाठवतो, दीडशे पाठवतो, लेकराला वही पाहिजे म्हणून पन्नास पाठवतो. म्हणजे घराशी असलेला संबंधच बदलला, महिन्याच्या महिन्याला जोडलेला बाप रोजच्या रोज जोडला गेला. माझ्या वर्गातल्या पोरांच्या तोंडून मी ऐकतो की पप्पानी सकाळी टाकले, आणि ते पप्पा असतात साडेतीनशे किलोमीटरवर. जानेवारी २०२० पासून दुकानदारालाही यूपीआयचा चार्ज नाही, म्हणून तोही स्कॅनर लावायला तयार झाला. आणि दुसरं, कुठल्याही बँकेचं खातं, कुठलंही ॲप, सगळं एकमेकांना चालतं. केनियात एकाच कंपनीकडं सगळे होते म्हणून पैसा पोचायचा, आपल्याकडं सगळ्या कंपन्यांना एकाच वाटेवर यावं लागलं म्हणून पोचतो. गावात तर ॲप कुठलंही असो, म्हणायचं फोनपे कर.

एक गोष्ट आकड्यांमध्येच दिसते आणि मला ती फार बोलकी वाटते. यूपीआयचे व्यवहार संख्येनं मोजले तर निम्म्याहून जास्त आता दुकानदाराकडं जातात, चहा, भाजी, रिचार्ज. पण रक्कम बघितली तर अजूनही मोठा हिस्सा माणसानं माणसाला पाठवलेल्या पैशाचा आहे. दुकानातला स्पीकर सारखा बोलतो म्हणून तो ऐकू येतो, घरी गेलेल्या पैशाचा आवाज होत नाही.

बरं, पैसा खात्यावर पडला म्हणजे म्हातारीच्या हातात पडला असं होत नाही, आणि इथं खरी मेख आहे. म्हातारीकडं साधा बटनाचा फोन. बटनाच्या फोनसाठीही सोय आहे, पूर्वीपासून ते स्टार नव्व्याण्णव हॅश होतं, मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आलं, पण माझ्या बघण्यात गावात ते कुणी वापरत नाही. वापरतात ते माणूस. टोळीवरचा मुलगा किराणा दुकानदाराच्या फोनपेवर दोन हजार टाकतो, दुकानदार म्हातारीला बोलावतो, उधारी वळती करतो, उरलेले रोख देतो, कुणी हजाराला दहा कापतो, कुणी ओळखीत तसेच देतो. केनियात कंपनीनं जो कोपऱ्यावरचा एजंट उभा केला होता तो आपल्याकडं लोकांनी आपला आपण तयार केला, कुणी सांगितलं नव्हतं. मला विचाराल तर खेड्यातली वाढ ही निम्मी या दुकानदारांच्या जिवावर आहे, आणि त्यांचं नाव कुठल्या अहवालात येत नाही. उलट त्याच्या खात्यात कुठून तरी फसवणुकीचा पैसा फिरून आला तर खातं गोठवलं जातं त्याचं, आणि मग तो बिचारा तालुक्याला, जिल्ह्याला चकरा मारतो, आणि तेवढे दिवस पंधरा-वीस घरांचा पैसा अडकतो.

दुसरा मार्ग अंगठ्याचा. रिझर्व्ह बँकेनं २००६ मध्ये परवानगी दिल्यापासून बँकांचे प्रतिनिधी गावात बसायला लागले, त्याला कुणी सीएसपी म्हणतं, कुणी मिनी बँक, आणि आधार आल्यावर तिथं नुसता अंगठा लावून पैसे निघतात. कागद नको, कार्ड नको, पिन लक्षात ठेवायला नको, अडाणी माणसाला याच्याइतकं सोपं काही नाही. पण आमच्याकडं अडचण अशी की ऊस तोडून तोडून, पाचट उचलून, मोळ्या बांधून बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन घेत नाही. मी स्वतः बघितलंय, एक बाई बोट धुते, पदराला पुसते, परत लावते, मग दुसरं बोट, मग तिसरं, मागं रांग उभी, आणि तो मिनी बँकवाला म्हणतो मावशी उद्या या, सर्व्हर डाऊन दाखवतंय. आयुष्यभर कष्ट केले म्हणून तिला तिचाच पैसा मिळत नाही, हे बघवत नाही. डोळ्यांची खूण, ओटीपी, काहीतरी दुसरी सोय प्रत्येक ठिकाणी सक्तीची पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

एवढ्या अडचणी असूनही लोक सोडत नाहीत त्याचं कारण मला केनियातल्याच एका अभ्यासात सापडलं. तवनीत सूरी आणि विल्यम जॅक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं तिथल्या घरांचा पाठपुरावा केला. २०१४ मध्ये त्यांनी मांडलं की घरावर संकट आलं, कमाई बुडाली, तर ज्यांच्याकडं एम-पेसा नव्हतं त्यांचा खाण्यापिण्याचा खर्च ७ टक्क्यांनी घटला आणि ज्यांच्याकडं होतं त्यांचा जवळपास घटलाच नाही. कारण लांबलांबच्या जास्त नातेवाइकांकडून थोडे थोडे पैसे येऊ शकले. मग २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की या सेवेमुळं १ लाख ९४ हजार कुटुंबं, म्हणजे तिथली दर शंभरातली दोन, गरिबीतून वर आली, आणि बायका जिथं कर्त्या होत्या त्या घरांना जास्त फायदा झाला.

संकटाची गोष्ट मराठवाड्याला वेगळी सांगायला नको. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आमची मांजरा नदी कोरडीठाक पडली होती. तीच मांजरा सप्टेंबर २०२५ मध्ये अशी आली की काठची सोयाबीन तर गेलीच, खालची मातीसुद्धा खरवडून गेली. त्या आठवड्यात मी गावात होतो. पंचनामे व्हायचे होते, मदत यायची होती, पण पहिल्या दोन-तीन दिवसात लोकांच्या फोनवर काय येत होतं तर पाचशे, हजार, कधी तीनशे. पुण्यातला भाचा, संभाजीनगरला दिलेली बहीण, चाकणला एका रूमवर राहणारी चार पोरं, वर्गमित्र. एवढ्याशा पैशानं जमीन परत येत नाही, पण तेवढ्यात चूल पेटते, औषध येतं, आणि मुख्य म्हणजे माणूस त्या दिवशी सावकाराच्या दारात जात नाही. पूर्वी हीच माणसं हळहळायची आणि दिवाळीला आल्यावर हातात काहीतरी ठेवायची. तेव्हा तोवर व्याज चालू झालेलं असायचं. म्हणून मी म्हणतो की यात खरी ताकद वेळेची आहे. दुष्काळ, पूर, दवाखाना, या भागातला माणूस कायम कुठल्या तरी टोकावर उभा असतो, आणि त्याच दिवशी पोचलेला हजार हा महिन्यानं पोचलेल्या पाच हजारांपेक्षा मोठा असतो.

फसवणुकीचं बोलायलाच पाहिजे. चुकून तुमच्या खात्यावर पैसे आलेत परत करा, केवायसी संपलीय ओटीपी सांगा, योजनेचा हप्ता अडकलाय लिंक दाबा. आमच्या गावातही माणसं नाडली गेलीत, आणि ती लाजेनं सांगत नाहीत. मी पालक सभेत प्रत्येक वेळी सांगतो की पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि गेलेच तर लाजू नका, त्याच घडीला १९३० या हेल्पलाइन नंबरला फोन लावा, जितका उशीर तितका पैसा लांब. विश्वास हा एका माणसानं दुसऱ्याला दिलेला असतो, एका घरात फसवणूक झाली की त्या आळीतली दहा घरं परत पाकिटाकडं वळतात.

आता बायकांचं. जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे दीड हजार सुरू झाले तेव्हा बँकेसमोर ज्या रांगा लागल्या त्या मी बघितल्यात, आधार सीडिंग म्हणजे खात्याला आधार जोडून घ्यायला, बंद पडलेली खाती चालू करायला. खात्याच्या पासबुकावर नाव बाईचं आणि मोबाईल नंबर नवऱ्याचा, असं कितीतरी जणींचं होतं. त्या निमित्तानं काहींनी स्वतःचं सिम घेतलं. माझ्या आत्यानं घेतलं. पहिल्या पैशातून तिनं परळीला दिलेल्या लेकीला पाचशे पाठवले, माझ्याकडून शिकून, आणि लेकीचा फोन येईपर्यंत ती काही बोललीच नाही. माहेरून लेकीला काही द्यायचं तर आजवर तिला नवऱ्याला विचारावं लागायचं.

पण ऊसतोडीत अजून हे पोचलेलं नाही. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, दोघं मिळून तोडतात, ती तर मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरते, पहाटे उठून भाकरी करते ते वेगळं. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे, मात्र ठरते नवऱ्याशी. पूर्वी मुकादम नोटा मोजून त्याच्या हातात द्यायचा, आता बरेच मुकादम फोनवर टाकतात, त्याच्याच फोनवर. फोन तेवढा मधे आला, देणारा तोच आणि घेणाराही तोच. ज्या नात्यात पैसा द्यायची इच्छा आधीपासून आहे तिथं मोबाईलनं तो झटक्यात पोचवला, आणि जिथं तिचा वाटा कुणी मानतच नाही तिथं कुठलंही ॲप तो पाठवत नाही. उचलीतला निम्मा हिस्सा तिच्या खात्यावर, हा नियम कारखान्यांनी आणि सरकारनं करायला काय हरकत आहे? खातं आहे, आधार आहे, फोनही आता आहे. गावातल्या बहुतेक घरांत ही व्यवस्था आता जमण्यासारखी आहे.

आत्याची सून या वर्षी टोळीवर जाणार आहे. तिनं मुकादमाला सांगितलं, अण्णा, माझ्या वाटणीचे माझ्या नंबरवर टाका. तो म्हणाला, बघू, तुझ्या मालकाला विचारतो. तिनं त्याच दिवशी खातं नंबर आणि स्कॅनरचा फोटो दोघांनाही पाठवला, मुकादमाला आणि नवऱ्यालाही. शेजारच्या दोघी-तिघींनी तिच्याकडून तो कसा पाठवायचा ते शिकून घेतलंय, आणि टोळी निघायच्या आत मुकादमाला याचं उत्तर द्यावं लागणार आहे.